भोरड्या आणि उष्माघात

जानेवारी लागला की माझं डोकं फिरतं. बाकी सगळ्या सोलापूरकरांना हा महिना आवडतो. ऊन अजून अंगावर धावून येत नाही, पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यावीशी वाटते, आणि दर दुसरा माणूस भेटला की विचारतो, "मग, हुरड्याला कधी?" कॉलेजात याच दिवसांत गॅदरिंग असतं. मी तिथे गणित शिकवतो. गेली कित्येक वर्षं गॅदरिंगच्या स्टेजची आणि स्पीकरची जबाबदारी माझ्या गळ्यात आहे, कारण कधीकाळी स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलून गेलं, "सरांना त्यातलं कळतं, सरांचा पूर्वी बँड होता."

होता. त्याचं नाव 'उष्माघात'. सोलापुरातला पहिला हेवी मेटल बँड, आणि माझ्या माहितीप्रमाणे आजवर शेवटचाही. हेवी मेटल म्हणजे काय, हे मला आजवर इतक्या लोकांना सांगावं लागलंय की आता मी सरळ सांगतो: खूप मोठ्याने वाजवायची गिटार, त्याहून मोठ्याने वाजवायचे ड्रम, आणि या दोन्हींच्या वर चढून, गाणं आहे की भांडण आहे असा प्रश्न पडावा असा माणसाचा आवाज. ज्यांना आवडत नाही त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलं आहे.

आम्ही तिघं होतो. गिटार माझी. ड्रम श्रीनूचे, म्हणजे श्रीनिवासचे. त्याच्या घरी यंत्रमाग होते, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आणि आवाज बसूचा. बसवराज, वळसंगचा. वडिलांशी कन्नडमध्ये भांडायचा आणि आमच्याशी मराठीत. बी.एस्सी.ला तिघं एका वर्गात होतो, आणि तिघांच्याही घरच्यांना वाटत होतं की आम्ही अभ्यास करतोय.

पुढे एकदा एका हौशी माणसाने आमच्याबद्दल चार ओळी छापल्या होत्या. त्यात लिहिलं होतं की मागांच्या खडखडाटातून या पोरांचं संगीत जन्माला आलं. साफ खोटं. श्रीनूला मागाचा आवाज असह्य व्हायचा. लहानपणापासून तो कानांत कापसाचे बोळे घालून झोपायचा. आम्ही त्यांच्या कारखान्यात सराव करायचो तो सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, सुताच्या पुडक्यांना टेकून. सोलापूर म्हटलं की लोकांना माग आठवतो आणि चादर आठवते, त्यापलीकडे आमच्या डोक्यात काही असू शकतं हे त्यांना सुचत नाही.

आमचं संगीत आलं ते शाळवाच्या रानातून. शाळू म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिची कणसं दुधात आली की हुरडा, आणि त्याच दिवसांत भोरड्यांची धाड. गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या या पाखरांचा थवा एकदा रानात उतरला की तासाभरात कणसांची नुसती बुरकुंडं उरतात. म्हणून रानात उंच माळा बांधायचा, त्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि ओरडायचं. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत बसूने आम्हाला हुरड्याला नेलं. आम्ही आगटीजवळ बसून गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत होतो. बसूचे वडील, अप्पा, कणसं भाजून चोळून आमच्या तळहातांवर गरम दाणे ओतत होते. बसू माळ्यावर गेला होता. थवा आला आणि बसू ओरडला.

तो आवाज मी अजून विसरलो नाही. पोटाच्या तळातून निघून, वाटेत कुठेतरी खरवडून घेऊन तो रानभर पसरला. श्रीनूच्या हातातली शेंगाचटणी सांडली. आम्ही सहा महिने गायक शोधत होतो, कॅसेटवर ऐकलेला तो परदेशी खर्जातला हंबरडा आपल्यातल्या कुणाला जमतोय का, ते पाहत होतो. तो वळसंगच्या रानात, माळ्यावर, हातात गोफण घेऊन उभा होता.

बसू खाली उतरला तेव्हा अप्पा त्याला रागावत होते. "गळ्यानं वरडू नगंस म्हनून किती येळा सांगायचं? पोटातनं काड. आन एकदा वरडलास की सुम्निरु."

सुम्निरु म्हणजे कन्नडमध्ये गप बस. मी विचारलं, गप का बसायचं?

"सारकं वरडलं की पाकरं सोकावत्यात," अप्पा म्हणाले. "त्यास्नी वाटतंय, हे असंच असतंय. वरडायचं आन मग गप बसायचं. गप बसलं की ती बिचकत्यात, आता काय हुतंय म्हनून."

मला ते फार गमतीचं वाटलं होतं. आम्ही ते ऐकलं, हुरडा खाल्ला, आणि विसरून गेलो. मेटलमध्ये गप बसायला जागा नसते.

तो हंगाम आणि त्यानंतरचा हंगाम, एवढीच बँडची खरी कारकीर्द. बाकीचं सगळं तयारी नाहीतर उतरण. त्या दिवसांची आठवण माझ्या डोक्यात नाही, हातात आहे. हुरडा चोळून तळहात काळे व्हायचे, ते धुवायचा कंटाळा, आणि तेच हात गिटारला. तारांना राखेचा वास यायचा. सकाळच्या थंडीत बोटं आखडलेली असायची, आणि आमच्या मुख्य गाण्यातल्या दुसऱ्या सुरावर माझं करंगळीजवळचं बोट हमखास घसरायचं. श्रीनू ओरडायचा, "बोट सांभाळ की बे." मी म्हणायचो, मुद्दाम आहे ते. मुद्दाम नव्हतं.

ते गाणं म्हणजे 'टँकर'. श्रीनूची मावशी सांगोल्याला राहायची. तिच्याकडे गेलो असताना पाण्याच्या टँकरमागे धावणारी बायामाणसं आम्ही पाहिली होती. बसूने एसटीत बसूनच शब्द लिहिले. 'आला टँकर, आला टँकर, घागर आधी की माणूस आधी?' एवढंच, पुन्हा पुन्हा. शेवटी शब्द संपायचे आणि फक्त बसूचं ओरडणं उरायचं. एका स्टुडिओत आम्ही ते ध्वनिमुद्रित केलं. तिथे एरवी भक्तिगीतं व्हायची. रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांनी पूर्ण गाणं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "ह्यात देवाचं नाव कुठं येतंय?" बसू म्हणाला, "येत न्हाय, काका. म्हनून तर वरडायलोय." आमच्या बँडच्या इतिहासात निघालेली सीडी ती एकच.

कार्यक्रम मोजून सात झाले. त्यातला पहिला गॅदरिंगचा. दुसऱ्या गाण्यात प्राचार्यांनी वीज बंद केली. अंधारात फक्त ड्रम आणि बसूचा आवाज उरला, आणि मांडवातल्या मागच्या रांगांतली पोरं बाकांवर उभी राहिली. आमच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला क्षण तो. आज मी त्याच मांडवात कपाळाला आठ्या घालत उभा असतो, आवाज कमी करा म्हणून सांगतो, आणि मुलं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला चांगली ओळखीची आहे. त्यांचं बरोबर आहे.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत बसूचा आवाज बसायला लागला. दिवसभर रानात पाखरं, संध्याकाळी श्रीनूकडे सराव. सुरुवातीला आम्ही हसलो. खडीसाखर, ज्येष्ठमध, गरम पाणी, सगळं झालं. मग एके सकाळी तो मला म्हणाला, "मन्या, गिळताना काचा हायत असं वाटालंय." मी त्याला घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि मलाही दाखवलं. आवाजाच्या पडद्यांवर दोन बारीक गाठी होत्या. "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंही नाही. गाठी अजून नरम आहेत, बसतील. या अवस्थेत ओरडलास तर आवाज कायमचा जाईल. मी स्पष्ट सांगतोय." तसं त्यांनी कागदावरही लिहून दिलं, इंग्रजीत.

बाहेर येऊन बसूने खिशातली वही काढली आणि लिहिलं, 'पुणे?'

पुण्यातल्या एका मोठ्या स्पर्धेत आम्ही निवडलो गेलो होतो. दहा दिवसांवर होती. सोलापुरातून कुणी तिथवर गेलंच नव्हतं, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं, आणि आम्ही ते सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं.

आम्ही एसटीने वळसंगला गेलो. अप्पा रानाच्या बांधावर उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं. कागद त्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्याकडे दिला. "तू शिकल्याला हायस. वाचून सांग की रं. काय म्हनला डागदर?"

मी वाचल्यासारखं केलं. मग म्हणालो, "थोडी विश्रांती घ्या म्हणालेत, अप्पा. रानात ओरडू नको म्हणालेत. गायला हरकत नाही."

बसू माझ्या शेजारी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, डॉक्टरांचं आणि माझंही. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही, कारण त्याला बोलायची बंदी होती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो आहे की त्यालाही जायचं होतं, त्याच्या हातात वही होती, तो लिहू शकला असता. पण लिहून दाखवणार कुणाला? अप्पांना वाचता येत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मान तर तो हलवू शकला असता, असंही मी म्हणतो. हे सगळं खरं आहे आणि त्यामुळे माझं खोटं तसूभरही कमी होत नाही.

मी त्याला वाटेत म्हणालो होतो, "तू लहानपणापासून पाखरं हाकतोयस. तुझ्या गळ्याला काय होणार आहे?" मी ते मनापासून म्हणालो होतो. आम्हाला खरंच वाटत होतं की रानात कमावलेला गळा मोडत नाही. ज्यांचे गळे खोलीत तयार झालेत, त्यांचे मोडत असतील. अप्पांनी सांगितलेलं, ओरडून झालं की गप बसायचं, ते पाखरांसाठी आहे असं आम्ही समजलो होतो. ते गळ्यासाठीही होतं.

पुण्यात आमचा नंबर येईपर्यंत कार्यक्रम लांबला होता. आम्हाला सांगितलं, दोनच गाणी. पहिलं गाणं बरं गेलं. मग 'टँकर'. माझं बोट दुसऱ्या सुरावर घसरलं. बसू शेवटच्या ओरडण्यावर आला, आणि तेवढ्यात आवाजाच्या मशीनवरच्या माणसाने आमचा आवाज खाली आणला, कारण पुढचे लोक तयार होते. बसूला ते कळलं नाही. त्याला वाटलं आपलाच आवाज पोचत नाहीये. तो आणखी जोर लावत राहिला. समोरच्या पोरांना फक्त त्याचं उघडं तोंड दिसत असणार. निवेदक हसत म्हणाला, "सोलापूरकरांना जरा थंड पाणी द्या."

परतीच्या एसटीत बसूने पाणी मागायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. श्रीनूने बाटली दिली.

नंतर ऑपरेशन झालं. आवाज परत आला नाही, जो आला त्याला आवाज म्हणायचं धाडस मला होत नाही. श्रीनूने ड्रम एका ऑर्केस्ट्रावाल्याला देऊन टाकले आणि तो भावाबरोबर सुरतेला गेला. मी पुढे शिकलो, नोकरी धरली, लग्न केलं. कुणी विचारलं की बँड का बंद पडला, तर मी म्हणायचो, "गायकाचा आवाज गेला." लोक चुकचुकायचे. त्या वयात करायचंच असतं असं काहीबाही, म्हणायचे. मी मान हलवायचो. वळसंग इथून एसटीने तासाभरात येतं, आणि मी वीस वर्षांत तिकडे गेलो नाही. डोंबलाचं धाडस माझ्यात.

यंदा मात्र सुटका झाली नाही. आमच्या स्टाफची हुरडा पार्टी दर वर्षी असते, दर वर्षी माझं पोट दुखतं. या वेळी ठिकाण कळलं तेव्हा मी गाडीत बसलेलो होतो. मराठीच्या मॅडम कौतुकाने सांगत होत्या, "वळसंगला एक फार छान घरगुती जागा आहे. ते गृहस्थ बोलत नाहीत फारसे, पण काय ती व्यवस्था." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडी वळसंगची कमान ओलांडून उजवीकडे वळली, त्याच बांधाकडे.

आता तिथे झोपाळे आहेत, बाजा टाकलेल्या आहेत, कुटुंबासह या असा फलक आहे. माळ्याच्या जागी एक खांब आहे आणि खांबावर पत्र्याचा कर्णा. गाडीतून उतरतानाच मला गिटार ऐकू आली. कुणाच्या तरी मोबाईलवर वाजत असेल असं वाटलं. मग दुसऱ्या सुरावर बोट घसरलं.

हल्ली शेतकरी कर्ण्यावर आवाज लावून ठेवतात, पाखरांसाठी. कुणी कुत्र्याचं भुंकणं लावतं, कुणी फटाके. या रानात 'टँकर' लावलं होतं. गाणं संपून शेवटचं ओरडणं यायचं, ते संपलं की लगेच पुन्हा माझी गिटार. वीस वर्षांचा बसू शाळवाच्या ताटांवर घसा फोडून ओरडत होता.

"काय हो हे," मॅडम कानांवर हात ठेवून म्हणाल्या. "बंद करायला सांगा ना कुणीतरी."

"पाकरांसाटी हाय ते, बाई," पाणी आणून देणारी बसूची बायको म्हणाली. "आमच्या मालकांचाच आवाज हाय. लेकीनं सीडीवरनं कार्डात घालून दिला."

मग बसू आला. केस पांढरे, खांद्यावर पंचा, हातात कणसांचा भारा. मला पाहून थांबला आणि हसला. अगदी जवळ येऊन, कानाशी तोंड आणून बोलला, कारण दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने त्याला बोलता येत नाही. "मन्या. बोट घसरलं बग तुजं." मला हसू आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, तोही सापडला नाही, आणि तेच मला सहन होईना. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो. तो भारा टाकून दुसऱ्या पाहुण्यांना दही वाढायला गेला.

अप्पा आगटीजवळ बसले होते. आता पुरते वाकलेत, पण कणसं तेच भाजतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी मला ओळखलं, कधी आलास वगैरे काही विचारलं नाही.

रानाकडे पाहिलं आणि मला धक्काच बसला. कर्ण्याच्या खालीच भोरड्या बसल्या होत्या. शेकड्याने. दोन-चार तर कर्ण्याच्या काठावर बसून चोच पुसत होत्या. बसू ओरडत होता आणि त्या निवांत दाणे टिपत होत्या.

"अप्पा, पाखरं तर बसलीत," मी म्हणालो.

"सोकावली ती," अप्पा म्हणाले. "दिवसभर तेच वाजतंय न्हवं का. पैल्या आटवड्यात भ्याली, मग कशाची भेत्यात? बंद कर म्हनलं तर ह्यो करत न्हाय. रान गेलं तर जाऊ दे म्हनतो, वाजू दे. बॅटरी सपली की पळत जातंय, दुसरी घालाय."

कर्ण्यातून बसू ओरडला. आगटीत एक कणीस तडतडलं. धुराचं निमित्त होतं, डोळ्यांना पाणी आलं तरी कुणी विचारणार नव्हतं, म्हणून मी बोलून टाकलं.

"अप्पा, त्या दिवशी मी कागद खोटा वाचला. डॉक्टरांनी महिनाभर गप राहायला सांगितलं होतं. गायलास तर आवाज जाईल असं म्हणाले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

अप्पांनी कणीस बाहेर काढलं, झटकलं, तळहातांवर चोळायला सुरुवात केली. कितीतरी वेळ चोळत राहिले. मग फुंकर घालून कोंडा उडवला आणि दाणे माझ्या हातावर ओतले. पूर्वीसारखेच, हात भाजेल इतके गरम.

"सुम्निरु," ते म्हणाले.

मी गप बसलो. त्याच वेळी कर्णाही गप झाला, बसूच्या ओरडण्याच्या मध्यावरच, बॅटरी संपली असावी. रानात एकदम शांतता झाली. क्षणभर काहीच हललं नाही. मग भोरड्या बिचकल्या. सगळा थवा एका झपाट्यात ताटांवरून उठला, खांबाला वळसा घालून वर गेला, आणि सगळा शाळू मोकळा उभा राहिला. स्टाफमधल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दह्याचं पातेलं तसंच खाली ठेवून बसू दुसरी बॅटरी घेऊन रानात पळत निघाला होता. मी आणि अप्पा त्याच्याकडे बघत होतो, आणि त्याला हाक मारून थांबवावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. गिटार सुरू झाली, बोट घसरलं, बसू ओरडला. भोरड्या खाली उतरल्या आणि पुन्हा खायला लागल्या.